जर्मनीतला बर्फ

लुंबिनीला जर्मनीतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि नायगावच्या चौकात तिचा बॅनर झळकला. त्यावर जायची तारीखही छापली. व्हिसा अजून यायचा होता, पण तेवढा दम कुणाला?

तारीख उजाडली, व्हिसा काही आला नाही. तरी हलगी वाजवत, हार घालत गावानं तिला एसटीत बसवलंच. आजी धुरपताबाई बस दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती. एवढ्या सत्कारानंतर माघारी कोणत्या तोंडानं फिरायचं? लुंबिनी गुपचूप लातूरला उतरली आणि मैत्रिणीच्या, शिल्पाच्या खोलीवर लपली. हे फक्त बाबांना माहीत.

आज दुपारी आजीचा व्हिडिओ कॉल आला. ऑक्टोबरच्या उकाड्यात लुंबिनीनं घाईघाईनं स्वेटर चढवला, मफलर गुंडाळला आणि खिडकीकडं पाठ करून बसली. शिल्पा गच्चीवर पळाली आणि वरून खिडकीसमोर थर्माकोलचा चुरा मुठी मुठीनं सोडायला लागली.

"जय भीम, आजी! लई थंडी हाय बघ इथं," घाम पुसत लुंबिनी म्हणाली. "माझ्या मागं बघ, कसा बर्फ पडून राहिलाय!"

"हाव की गं माय," आजी म्हणाली.



"माझ्या बी डोक्यावर पडून राहिलाय. खाली येऊन दार उघड, तुझा पासपोर्ट घेऊन आले. व्हिसा लागलाय!"