न शिवलेलं पान

बोटांच्या ठशांवरून आधार केंद्रात अखेर छडा लागला. स्वतःचं नावगावही विसरलेला तो माणूस कोरेवाडीचा सोपान ढेरे निघाला. फुटपाथवरून उचलून आणल्यापासून दोन वर्षं औषधपाणी करून त्याला माणसात आणणाऱ्या निवारा केंद्राच्या मंदाताई स्वतः त्याला घेऊन गावी निघाल्या.

पितृपंधरवड्यातली टळटळीत दुपार होती. गावात सामसूम होती. पत्त्यावरच्या घराच्या ओटीवर हार घातलेला फोटो पाहून सोपानच्या अंगावर सरसरून काटा आला. फोटोतला चेहरा त्याचाच होता.

तो मागे गेला, तर परसात एक बाई कुंपणाच्या भिंतीवर वाढलेलं पान ठेवून हात जोडत होती. वर आंब्यावर कावळे ओळीने बसले होते, पण एकही खाली उतरेना.

"सहा वर्षं झाली, शिवत नाहीत," ती पुटपुटली. "कशात जीव अडकलाय हो तुमचा?"

"शेवंता..." हरवलेलं नाव त्याच्या ओठांवर आपसूक आलं.

ती वळली. तिचा चेहरा पांढराफटक पडला. आधी तिने त्याचे पाय निरखले. ते सुलटे होते. मग तिने ते पान उचलून परसात बांधलेल्या गाईपुढे सारलं.

"ते मेलेल्याचं होतं," ती म्हणाली. "तुम्ही आत या, ताजं वाढते."