वाऱ्याची वाट

पाचवी घागर वाळ्याच्या पडद्यावर रिकामी झाली, तरी मुन्सिफसाहेबांच्या मानेवरचा घाम काही हटेना. राघोबा चरकला. वीस उन्हाळे तो तालुक्याच्या अदालतीत दाराचा हा पडदा भिजवत होता. साहेब बदलले, कायदा म्हणे तोच राहिला. राघोबाच्या लेखी मात्र सारा न्याय पडद्यात होता. खोली गार असली की तंबी, तापली की तुरुंग. हे तो कुणाला बोलला नव्हता. पाणक्याचं कोण ऐकतो?

आज दुपार व्हायच्या आतच दोघे किरकोळ मारामारीपायी सहा-सहा महिन्यांसाठी आत गेले होते. तिसरा पुकारा राघोबाच्या भाच्याचा झाला. किशनने बांधाच्या भांडणात चुलतभावाचं डोकं फोडलं होतं आणि तसं कबूलही केलं होतं. शिक्षा किती, एवढंच ठरायचं होतं.

राघोबाने सहावी घागर ओतली. पाणी निथळून उंबऱ्यापर्यंत आलं. खोलीत गारवा नव्हता, ओल्या गोणपाटाखाली कोंडल्यासारखा दमटपणा होता. साहेबांनी हातातल्या कागदाने वारा घेतला आणि वैतागून कागद आपटला. राघोबाने पडद्याला हात लावला. पाणी कोमट. बाहेर वारा चिंच हलवत होता आणि पडद्याची काडी हलत नव्हती.

मग त्याचं लक्ष समोर गेलं. पडद्यातून आलेला वारा ज्या एकुलत्या खिडकीतून बाहेर पडायचा, ती माणसांनी बुजली होती. कोहिनूर गावाहून आलेलं सगळं गणगोत गजांना चिकटलं होतं. सगळ्यांत पुढे त्याची थोरली बहीण राजूबाई, किशनची आई. अदालत उघडल्यापासून ती तिथून हलली नव्हती. जायला वाट नसेल तर वारा येईल कशाला, आणि वाऱ्यावाचून नुसतं पाणी काय गार करणार? राघोबा घागर टाकून मागच्या बाजूला धावला.

"अक्का, खिडकी सोड."

"कामून? लेकराचं तोंड तरी बघू दे की."

"तोंडच बघायचंय, का लेकरू घरी न्यायचंय?"

राजूबाईला काही उमगलं नाही. पण भावाचा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. ती गोतासकट चिंचेखाली जाऊन बसली.

पडदा फुगला, हलला. वाळ्याचा वास खोलीभर झाला. साहेबांनी शेरवानीचं वरचं बटण लावलं, कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. पहिलाच गुन्हा, चुलतभाऊ बरा झालेला. तंबी देऊन सोडलं.

राघोबा स्वतः सांगायला गेला. राजूबाई हसता हसता रडू लागली. शेजारी यल्लम्मा बसली होती. तिचा मुलगा सकाळी पहिल्या पुकाऱ्यालाच आत गेला होता. उशीर झाल्याने तिला खिडकीशी जागा मिळाली नव्हती. तिने राजूबाईचा हात धरला.

"बाई, सकाळी तू खिडकीतच हुतीस न्हवं? माझ्या लेकाला आत टाकताना साहेब काय म्हनला गं?"