चुन्याची डबी

‘माझी नसबंदी झालीय, मग हे पोर कुनाचं?’ मला दिवस गेल्याचं डॉक्टरीणबाईंनी सांगताच ह्यांनी दवाखान्यात सगळ्यांदेखत विचारलं. सासूबाईंनी तर माझ्याकडं पाठच फिरवली. ऑपरेशन ह्यांचं, आणि जाब मी द्यायचा! डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या, ‘ऑपरेशन केलं म्हणजे लगेच भागत नाही. तीन महिने निरोध वापरा, मग वीर्य तपासायला आणा, असं सांगून डबी दिली होती. आणली का?’ ‘सुप्याच्या कंपनीत सुट्टी कुठं मिळती? आन् असलं हातात घेऊन कोन येतंय?’ असं गुरकावत ह्यांनी खिशातनं तंबाखू काढली, चुन्याची डबी उघडली. रोज सकाळी मीच तिच्यात चुना भरून देते. ती कशाची, ते आज कळलं. तिच्यावर दवाखान्याची चिठ्ठी अजून तशीच होती. डबी हिसकावून मी सासूबाईंपुढं धरली. ‘पोर कुनाचं म्हनता? बघा, नाव लिहिलंय.’