चौकीदाराची भूमिका

सिनेमा पारितोषिकांच्या निवड समितीचे अध्यक्ष म्हणजे मुरलेले दिग्दर्शक. पण दुपारचं भरपेट जेवण, अंधारी थंडगार खोली आणि पाठ टेकताच मागे रेलणारी खुर्ची! पडद्यावरची नावं संपायच्या आतच त्यांचा डोळा लागला.

मध्येच कुणीतरी खोकलं म्हणून ते दचकून जागे झाले, तर पडद्यावर एक म्हातारा चौकीदार फाटक उघडत होता. पुन्हा डुलकी लागली. मग स्वतःच्याच घोरण्याने जाग आली, तेव्हा तोच चौकीदार फाटक लावत होता आणि सिनेमा संपत होता.

"काय माणूस आहे!" दिवे लागताच अध्यक्ष म्हणाले. "अख्खा सिनेमा एकट्याने पेलला. पडद्यावरून क्षणभर हलला नाही पठ्ठ्या!"

समितीतल्या बाकीच्या दोघांना अध्यक्षांच्या पुढच्या सिनेमात काम हवं होतं. दोघांनाही ते लगेच पटलं.

सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक चौकीदाराला जाहीर झालं, तेव्हा त्या बिचाऱ्याला वाटलं कुणीतरी आपली थट्टा करतंय.

समारंभानंतर सिनेमाचा नायक अध्यक्षांसमोर येऊन उभा राहिला. या भूमिकेसाठी तो वर्षभर अर्धपोटी राहिला होता, आणि फाटकाचे ते दोन प्रसंग सोडले तर सिनेमाभर तोच होता.

"सर, मी कुठे कमी पडलो?" त्याने विचारलं.

अध्यक्षांनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.



"अरे वेड्या, मनाला काय लावून घेतोस? या सिनेमात तू असतास, तर तुलाच दिलं असतं!"