तीन दिवसांची रजा

अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंच्या पाठीला जखमा झाल्या, तेव्हा कुठे नन झालेल्या नणंदेला कॉन्व्हेंटच्या वृद्धाश्रमातून तीन दिवसांची रजा मिळाली. “जगाच्या म्हाताऱ्या सांभाळता, स्वतःची आई मात्र आमच्या गळ्यात,” सुनेनं आल्या आल्या सुनावलं. नणंद जखमा धूत राहिली. निघायच्या दिवशी तिनं आईखाली चादर आडवी सरकवली. “दर दोन तासांनी कूस बदलायची. ही दोन टोकं तू धर. उचल, ओढू नकोस. एकटीनं केलं तर कातडं सोलवटतं, दोघी लागतातच.” सून चरकली. इतकं शिकवतेय म्हणजे रजा वाढवून मागणारच नाही. “आणि उद्यापासून दुसरी कोण, वन्सं?” नणंद घुटमळली. “मदर सुपिरियरना विचारावं लागेल.” “मग विचारा की.” आत सुनेचं तान्हं बाळ रडायला लागलं. तिनं आपली टोकं सोडली. “तोवर एकटीनं करून दाखवा.”