उसनं रक्त

"आण तुझी चिठ्ठी इकडे," असं म्हणून मुकादमिणीने सुईपुढे स्वतःचाच दंड केला.

हॉटेलच्या लाँड्रीत आज बायकांची तपासणी होती. जिचं रक्त आठाच्या खाली, ती घरी. चादरवालीला आपलं काही खरं नाही हे ठाऊक होतं. ओल्या चादरींचं ओझं चार मजले चढवून गच्चीवर वाळत घालायचं, हे तिचं काम. महिन्यातले दहा दिवस अंगावरून नुसतं जात राहायचं, जिन्यात डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. आणि घरात कमावणारी ती एकटीच. रक्त घेणारा मेला मान वर करून बघतही नव्हता. चिठ्ठीवर नाव, नळीवर नाव, चला पुढची!

"ताई, पकडलं तर?"

"कोण पकडतंय! माझ्याकडे रक्त उतू चाललंय. मलाही बारा-बारा दिवस जातं, झालं का काही? बाईच्या जातीला एवढं चालायचंच."

मुकादमिणीची तपासणी नव्हतीच, ती फक्त बायकांना रांगेत उभं करायची. तिने तोंडात बर्फाचा खडा टाकला. दिवसभर ती बर्फच चघळायची. वाफेत उभं राहून गाल लालबुंद. चादरवालीला वाटलं, हिच्या पायाच पडावं.

चौथ्या दिवशी चादरवालीला दवाखान्यातून तातडीचं बोलावणं आलं.

"जा गं, तुझ्या चादरी मी नेते," मुकादमीण म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवला. "साडेचार! अहो, एवढ्या रक्तावर तुम्ही चालत कशा आलात? पाळीत इतकं जातं आणि कुणाला सांगत नाही? आजच्या आज भरती व्हा. रक्त चढवू, मग शिरेतून लोह देऊ. तोवर ओझं नाही, जिना नाही. हृदय बंद पडेल." मग तिची पापणी खाली ओढत त्यांनी विचारलं, "माती, खडू, बर्फ, असलं काही सारखं खावंसं वाटतं का?"

चादरवालीला मुकादमिणीच्या तोंडातला बर्फ आठवला. खरं बोललं तर दोघींचीही नोकरी जाणार होती. ती ताडकन उठली.

"बाई, ते रक्त माझं नाही. जिचं आहे, ती आत्ता माझ्या चादरी घेऊन जिना चढतेय."