नेम कुठे चुकतो

“रायफलीला तू हात लावलास,” शशिधर म्हणाला.

“किल्ली तुमच्या गळ्यात. कपाट तुमचं. मी काय जादू करून हात लावला?” प्रमोदिनीने गिअर असा टाकला की गाडीने गचका दिला. चिडलेला असला की नवरा रस्त्याच्या मधून गाडी हाकायचा, म्हणून आज ती चालवत होती. मागच्या सीटवर पिशवीत रायफल होती. बेसिंगस्टोकच्या पुढे एका खेड्यात बंदुका दुरुस्त करणाऱ्याचं दुकान होतं. तिकडे दोघं निघाले होते.

निवृत्त झाल्यावर शशिधरने ही रायफल हौसेने घेतली होती. शिकारीची, अगदी हलकी, दिवसभर रानात हिंडलं तरी खांदा दुखू नये अशी. सप्टेंबरात तिच्या गोळ्या पौंडाच्या नाण्याएवढ्या जागेत पडायच्या. ऑक्टोबर संपता संपता ती बिघडली. पहिली गोळी बरोबर जायची. नळी तापली की दुसरी वर, तिसरी आणखी वर. त्याने काडतुसं बदलली. दुर्बिणीचे स्क्रू आवळले. नळी घासून काढली. दर वेळी नवा गुन्हेगार शोधला: कारखाना, दुकानदार, हवा, शेवटी बायको. मागच्या शनिवारी एक हरीण पाय मोडून झुडपात गेलं. शेतमालकाने सांगितलं, ही सुधारल्याशिवाय माझ्या रानात पाऊल ठेवायचं नाही.

“खरं सांग. साफसफाई करताना पाडलीस ना?”

“दुसऱ्या कुणी कपाट उघडलं तर लायसन्स जाईल, असं पोलीस घरी येऊन बजावून गेलेत. मी उघडलं असतं, तर आज असं तोंड करून बसायला तुमच्याकडे बंदूकच उरली नसती.”

त्याने खिडकीची काच खाली केली. तिने उलट उत्तर दिलं की तो जास्त चिडायचा. तिला हे बहात्तर सालापासून माहीत होतं. लग्नानंतर दोघं इंग्लंडला आले, तेव्हा विमानात सामान जेमतेम नेता यायचं. तिने साड्या कमी केल्या आणि आईने दिलेले पितळेचे देव आणले. लंडनमधल्या साउथहॉलच्या भाड्याच्या खोलीत ते मांडले, तर हा इंजिनियर नवरा म्हणाला, “आपण इथे डोकं घेऊन आलोय, देव्हारा घेऊन नाही. माझ्या घरात हे चालणार नाही.” पुण्याला परत जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर देवांचं गाठोडं गेलं. त्यानंतर त्यांच्या घरी दिवाळी झाली ती फराळापुरती. गणपतीत ती दुसऱ्यांकडे आरतीला जायची. परत आली की तो पेपरमधून मान वर न करता विचारायचा, “काय, भेटले का गणपतीसाहेब?”

दुकानदार पर्किन्स हा सर्दी झालेला, लठ्ठ माणूस होता. त्याने रायफल हातात तोलली.

“हलकी रायफल जोरात धक्का देते, सर. चाप ओढताना तुम्ही डोळे मिटत असणार.”

“मी डोळे मिटत नाही!” शशिधर कडाडला. “आयुष्यात कधी मिटले नाहीत!”

प्रमोदिनीने भिंतीवरच्या हरणाच्या शिंगांकडे तोंड फिरवलं.

मग पर्किन्सने कागदाची एक पट्टी घेतली. नळी पुढे लाकडाला टेकता कामा नये, तापल्यावर ती टेकली की गोळी भलतीकडे जाते, असं पुटपुटत त्याने पट्टी नळीखालून सरकवली. पट्टी मध्येच अडली. त्याने स्क्रू काढले, नळी लाकडातून उचलली आणि चिमट्याने काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं.

तांदळाचा दाणा होता. कुंकवाने लाल झालेला. अक्षत.

प्रमोदिनीला ओळखायला क्षणही लागला नाही. ऑक्टोबर. खंडेनवमी. हत्यारांची पूजा.

“हे आत गेलं कसं?” पर्किन्सने विचारलं. मग आवाज बदलून म्हणाला, “सर, तुमचं कपाट दुसरं कुणी उघडतं का? मॅडमकडे किल्ली असते? तसं असेल तर मला पोलिसांना कळवावं लागेल.”

शशिधरने गळ्यातली किल्ली शर्टाच्या आत सरकवली.

तिने एक ‘हो’ म्हटलं की रायफल गेली असती. शनिवारची शिकार गेली असती, दारातले चिखलाचे बूट गेले असते. ‘हो’ तिच्या जिभेवर आलंही होतं.

“त्यांनाच विचारा,” ती इंग्रजीत म्हणाली.

“मी,” शशिधर म्हणाला. “मीच घातला. आमच्याकडे प्रथा आहे. माझे वडील करायचे.”

पर्किन्सने खांदे उडवले आणि लाकूड पुसायला आत घेऊन गेला.

प्रमोदिनी रागाने त्याच्याकडे वळली. “माझे देव परत पाठवलेत. माझी चेष्टा केलीत. आणि बंदुकीला अक्षता वाहता? कुणापुढे ठेवलीत ती? घरात देव आहे कुठे?”

“स्वयंपाकघरात,” तो खाली बघत म्हणाला. “तूरडाळीच्या डब्यापुढे.”

त्या डब्याच्या तळाशी, डाळीखाली, बोटाच्या पेराएवढी अन्नपूर्णा होती. आईने लग्नात दिलेली. गाठोडं बांधताना तिने तेवढी एक काढून ठेवली होती. घरं बदलली, डबे बदलले, मुलगी लग्न होऊन लेस्टरला गेली, पण तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

“तीस वर्षं मी डाळ काढायच्या निमित्ताने चोरून हात जोडतेय,” ती एवढ्या जोरात ओरडली की पर्किन्स आतून धावत आला, “आणि तुम्हाला ठाऊक होतं?”